उल्कापात आणि सत्ता

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले. निसर्गातील आघात पक्षपात जाणत नाही. विज्ञानपट मात्र त्याच आघातातून सत्तासंबंध उघड करतात. ‘डीप इम्पॅक्ट’ (१९९८) मध्ये भूमिगत आश्रयस्थानात दहा लाखांनाच जागा आहे: दोन लाख शासन निवडते, आठ लाख सोडतीने ठरतात आणि पन्नाशी ओलांडलेले सोडतीतून वगळले जातात. सोडतीमुळे ही निवड न्याय्य भासते. ‘डोन्ट लुक अप’ (२०२१) मध्ये धूमकेतूतील खनिजांच्या लोभाने शासन, एका उद्योगपतीच्या आग्रहावरून, त्याला वळवण्याची मोहीम अर्ध्यावर सोडते. पहिल्यात निवडीमागे टंचाई आहे, दुसऱ्यात नफा. लोणारला विवर उरले. या चित्रपटांत प्रश्न उरतो, जगण्याचा अधिकार वाटतो कोण?