आदिवासी दालनात वीटभट्टी का नाही?

गेली दोन वर्षं महाराष्ट्रात संग्रहालय म्हटलं की शस्त्रांचीच गोष्ट निघते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या मुदतीवर साताऱ्यात आली. पुढच्या वर्षी लंडनच्या लिलावात घेतलेली रघुजी भोसले यांची तलवार मुंबईत उतरली. ती यायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण तलवार कुणाची, तिच्यावर काय कोरलंय, ती देशाबाहेर कशी गेली, केवढ्याला परत मिळाली, यावर रकानेच्या रकाने भरत होते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडची आदिवासी दालनं येत राहिली. तिथे मुखवट्याखाली ‘मुखवटा’ लिहिलेलं असतं आणि पुढे जमातीचं नाव. कुणी केला, कुणाच्या घरातून आणला, कोणत्या साली, काय मोबदला दिला, देणाऱ्याची राजीखुशी होती का, यातलं काहीही नाही. राजाच्या वस्तूला चरित्र मिळतं, कातकऱ्याच्या वस्तूला नुसती जमात. संग्रहालयातल्या मानववंशशास्त्राची आपल्याकडची आजची अवस्था ही आहे.

या विद्येचा आपल्याकडचा जन्मच मोजपट्टीपाशी झाला. एडगर थर्स्टन १८८५ ते १९०८ या काळात मद्रासच्या संग्रहालयाचा अधीक्षक होता आणि माणसांची डोकी नि नाकं मोजून जातींचे तक्ते करत होता. मुंबई इलाख्यातल्या जातीजमाती एन्थोवेननं १९२० ते १९२२ दरम्यान तीन खंडांत अकारविल्हे लावून दिल्या. मोजपट्टी गेली, अकारविल्हे लावलेला माणूस दालनात तसाच उभा राहिला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार देखणा झाला, पण तिथल्या मातीच्या बाहुल्या वसाहतीच्या नजरेचा नमुना म्हणूनच पाहाव्यात. पुण्याचं केळकर संग्रहालय एका रसिकाच्या ध्यासाचं स्मारक आहे, त्याचा आदर करून पुढे जावं. मुंबई विमानतळावर २०१४ मध्ये उभं राहिलेलं ‘जय हे’ ही श्रीमंत सजावट आहे. पुण्याच्याच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं काम अधिक गंभीर. संस्था १९६२ ची, ऐवज मोठा. पण तिच्या संग्रहालयातही आदिवासी माणूस भेटतो तो दागिने, वाद्यं आणि बोहाड्याचे मुखवटे यांच्यामधूनच, म्हणजे सणाच्या दिवशी. त्याचा सोमवार कुठे आहे?

मला बोलायचंय ते तेजगडबद्दल. गुजरातेतल्या छोटा उदेपूर जिल्ह्यातलं हे गाव. मूळचे भोरचे असलेल्या गणेश देवी यांनी बडोद्याचं प्राध्यापकपद सोडलं, ‘भाषा’ ही संस्था काढली आणि तेजगडला आदिवासी अकादमी उभी केली. तिथल्या संग्रहालयाचं नाव ‘वाचा’. त्यासाठी आसपासच्या आदिवासी तरुणांनाच क्युरेटरचं शिक्षण देण्यात आलं. अ‍ॅलिस टिल्शे यांचं ‘आदिवासी आर्ट अँड अ‍ॅक्टिव्हिझम’ हे २०२२ चं पुस्तक या प्रयोगावर आहे, आणि अलीकडे या विषयावरच्या कुठल्याही लेखनानं मला इतकं खडबडून जागं केलेलं नाही. कारण ते गोडवे गात नाही. आदिवासी क्युरेटर स्वतःच्या मुलखात जुन्या वस्तू मागायला जातो, तेव्हा त्याला दिसतं की अनेक घरांनी भक्तिपंथांची वाट धरलीय, दारू-मटण सोडलंय. संग्रहालयाला जे अनमोल वाटतं ते त्या घरांना मागासलेपणाची खूण वाटतं, डोळ्यांआड व्हावंसं वाटतं. मग दाखवायचं काय? आजोबांचा देव, की नातवानं तो नाकारला ही घटना? शहरातल्या क्युरेटरपुढे हा पेच येतच नाही. तो वस्तू उचलतो, काचेत ठेवतो, मोकळा होतो. तेजगडच्या क्युरेटरला संध्याकाळी त्याच माणसांत जेवायला बसायचं असतं, जाब द्यायचा असतो. माझ्या मते मानववंशशास्त्राच्या क्युरेटरची खरी पात्रता इथेच ठरते.

भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयानं हे फार आधी वेगळ्या रीतीनं ओळखलं होतं. श्यामला टेकडीवरची घरं त्या त्या जमातींच्या लोकांनी स्वतः येऊन, आपल्या पद्धतीनं बांधली. मातीचं घर जपायचं तर लिंपणारे हात पुन्हा बोलवावेच लागतात. संबंध तुटत नाही. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीला जानेवारी २०२४ मध्ये मूळनिवासींची दोन मोठी दालनं बंद करावी लागली, कारण ज्यांच्या वस्तू त्यांची संमती घेतल्याशिवाय त्या मांडायच्या नाहीत, असा नवा नियम आला. आपल्याकडे असा नियम उद्या लागू केला तर किती दालनं उघडी राहतील?

आदिवासी कलावंतालाही नाव मिळतं, असं म्हणत वारली चित्रकलेचं उदाहरण मला कुणीतरी देईलच. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे कागद घेऊन गेले आणि जिव्या सोमा मशे हे नाव जगाला कळलं. २०११ ची पद्मश्री त्या नावाला मिळाली, जमातीला नव्हे, आणि हेच त्यातलं मोठेपण. आज पुलांच्या खांबांवर जे पांढरे त्रिकोण रंगवले जातात, त्यांना नावही नाही आणि लग्नविधीतला चौकही नाही. ते सोडून देऊ.

आता हीच कसोटी पनवेलला लावून पाहू. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष दुर्बल मानल्या जातात, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत, आणि या तालुक्यात त्यांच्या वाड्या गावोगावच्या कडेला आहेत. खैरापासून कात काढणारे हे लोक. वनकायद्यांनी खैर हातचा गेला, मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग विटांच्या. पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळीनंतर बायकापोरांसह भट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. वेलिंग यांनी १९३४ मध्येच कातकऱ्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. माहितीची वाण कधीच नव्हती. तरीही कातकरी दाखवायचा म्हटलं की हातात तीरकमठा देऊन त्याला झाडाखाली उभं करतात. मी याला मांडणीतली चूक म्हणत नाही, खोटी साक्ष म्हणतो. कात काढायची हंडी दाखवायची तर तिच्या शेजारी वनखात्याचा कायदा लावा. विटांचा साचा ठेवा, उचलीचा हिशेब ठेवा, भट्टीवर जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला मिळवताना काय होतं ते त्याच्या आईच्या आवाजात ऐकवा.

संग्रहालय म्हणजे समाजकल्याण खातं नव्हे, असं यावर जाणकार म्हणतील. मला ते मान्य नाही, आणि कारण शास्त्राचंच आहे. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं २०१३ चं ‘फायटिंग एव्हिक्शन’ वाचा. कातकरी वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर का वसल्या, जमिनीचे भाव चढताच तिथे कुंपणं कशी पडू लागली, याचा शोध त्यांनी वाडीतल्या लोकांना बरोबर घेऊन केलाय. पायाखालच्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे न सांगता झोपडीची प्रतिकृती उभी करणारा क्युरेटर झोपडीबद्दल काहीच सांगत नाही. कुडाची जाडी मोजली म्हणजे घर कळलं, ही थर्स्टनचीच समजूत आहे.

आणि ही गोष्ट कातकऱ्यांपुरती नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली गेली. आगरी-कोळ्यांची जाळी, मिठागरातली अवजारं, लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणींचे आवाज, घर सोडताना दिलेल्या नोटिसा, हे सगळं ज्यांच्याजवळ आहे ती माणसं आज हयात आहेत. तलवारीसाठी लंडनला जावं लागलं. यासाठी रिक्षा पुरते. पनवेल महापालिका २०१६ पासून आहे. तिनं इमारत बांधू नये, इमारतीचं पुढे पाहू. तिनं आधी क्युरेटरचं एक कायम पद निर्माण करावं, आणि काय मांडायचं नाही हे ठरवण्याचा अधिकार वाड्या-पाड्यांच्या समितीला लेखी द्यावा. त्या पदाच्या जाहिरातीत पहिली अट कातकरी बोली येण्याची असावी. संग्रहालयशास्त्राची पदविका नेमणुकीनंतर, पगारी रजेवर, महापालिकेच्या खर्चानं करता येते.