‘जेव्हा’ आणि ‘जर’ यांतील अंतर

‘अँड गेट’ शिकवताना आपण एकसर जोडणीतील दोन बटणे दाखवतो. दोन्ही दाबली तरच दिवा लागतो. आधी कोणते दाबले याला महत्त्व नसते. क्लॉड शॅनन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा परिपथांना बूल यांचे बीजगणित लागू केले. त्या बीजगणितात ‘क आणि ख’ म्हणजेच ‘ख आणि क’. घरातील उपकरणे आपोआप चालवण्याचे नियम लिहू पाहणारा विद्यार्थी एवढीच शिदोरी घेऊन येतो आणि पहिल्याच नियमापाशी अडखळतो.

‘होम असिस्टंट’ ही २०१३ साली सुरू झालेली मुक्त संगणक-प्रणाली पाहा. तिच्या नियमाला तीन भाग असतात: कोणत्या घटनेने नियम जागा व्हावा, त्या क्षणी कोणती स्थिती असावी आणि मग काय करावे. मराठीत सांगायचे तर जेव्हा, जर आणि तर. समजा, नियम लिहिला: ‘जेव्हा सूर्य क्षितिजाखाली जाईल, तेव्हा जर घरात कोणी असेल, तर दिवा लाव.’ सूर्यास्ताला घर रिकामे होते. आजी आठ वाजता परतल्या. अंधार आहे, माणूसही आहे. सत्यतासारणीनुसार दिवा लागायला हवा. तो लागत नाही, कारण नियमाला जागे करणारा क्षण केव्हाच निघून गेला. आता दोन्ही भागांची अदलाबदल करा: ‘जेव्हा कोणी घरी येईल, तेव्हा जर सूर्य क्षितिजाखाली असेल’. आजींना उजेड मिळेल, पण दिवसभर घरीच असणारा अंधारात राहील. दोन्ही हवे असेल, तर दोन्ही घटना ‘किंवा’ने आणि दोन्ही स्थिती ‘आणि’ने जोडाव्या लागतात.

आणखी एक फरक आहे. सारणीच्या उरलेल्या तीन ओळींत दिवा बंद असतो. नियम मात्र त्या ओळींविषयी काहीच बोलत नाही. सगळे बाहेर गेले तरी दिवा जळतच राहील. विझवण्यासाठी वेगळा नियम हवा.

घटना आणि स्थिती यांची ही गल्लत फक्त नवशिक्यांची म्हणून सोडून देता येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील जस्टिन ह्वांग व माया चाकमाक यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा विषयच तो होता. २०११ साली खुल्या झालेल्या ‘इफ्ट’ या सेवेचे पूर्ण नावच ‘इफ धिस, देन दॅट’. घटनेला तिथे ‘इफ’ म्हटले, म्हणजे भेद नावातच पुसला गेला. होम असिस्टंटने तीन चौकटी वेगळ्या ठेवल्या, हे तिचे श्रेय. मात्र घटनांची यादी आणि स्थितींची यादी सारख्याच मांडणीची. पहिलीत ‘किंवा’ आणि दुसरीत ‘आणि’ गृहीत आहे, हे नुसत्या मांडणीवरून उमगत नाही.

मोठी उणीव मात्र आपल्या शिकवण्यात आहे. सत्यतासारणीत काळ नसतो, हे आपण सांगत नाही. त्यासाठी महागडी उपकरणे नकोत. एक विद्यार्थी सूर्य, दुसरा आजी, तिसरा दिवा. नियम फळ्यावर लिहावा आणि घटनांचा क्रम बदलत जावा. प्रत्येक वेळी दिवा लागेल की नाही, हे वर्गाने आधी वहीत कारणासह लिहावे. चुकतमाकत बटणे दाबून चालू झालेला दिवा विचार शिकवत नाही. आधी केलेले आणि मग पडताळलेले भाकीत शिकवते.