चार रोगगट आणि एक पिंप

पाण्यामुळे होणाऱ्या रोगांचा पाठ आपण शाळेत बहुधा एका वाक्यात संपवतो : पाणी गाळून, उकळून प्या. या वाक्यात चूक काही नाही, पण ते अपुरे आहे. हे स्पष्ट करणारे ‘ड्रॉअर्स ऑफ वॉटर’ (पाणी भरणारी माणसे) हे पुस्तक १९७२ साली प्रसिद्ध झाले. लेखक भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट, वैद्यकातील संशोधक डेव्हिड ब्रॅडली आणि अ‍ॅन व्हाइट. केनिया, युगांडा व टांझानियातील घरे पाणी कुठून, किती आणि कसे आणतात, याचा हा अभ्यास आहे. तो अकोल्याच्या जठारपेठेत कितपत लागू पडतो, ते आपण पाहू.

पुस्तकाचे मोठे श्रेय म्हणजे त्यातील रोगांचे वर्गीकरण. ते जंतूंच्या कुळावरून केलेले नसून पाण्याशी असलेल्या नात्यावरून केलेले आहे. दूषित पाणी पोटात गेल्याने होणारे पटकी, विषमज्वर हे पहिल्या गटात येतात. धुण्यास पाणी पुरत नाही म्हणून पसरणारे खरूज, खुपऱ्या दुसऱ्या गटात. तिसऱ्या गटातील परजीवी आयुष्याचा काही काळ पाण्यातील प्राण्यांत काढतात, उदाहरणार्थ नारू. चौथ्या गटातील हिवताप, डेंग्यू हे रोग पाण्यात वा पाण्याजवळ वाढणारे कीटक पसरवतात.

गट ओळखला की उपायाची दिशा कळते. नारूवर लस नव्हती, जंत मारणारे औषधही नव्हते. पण नारूची अळी वाहणारा सायक्लॉप्स कापडात अडकतो. पाणी गाळणे आणि जखम घेऊन विहिरीत न उतरणे, हे उपाय गावोगाव पोहोचवले गेले. भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला. २००० साली देश नारूमुक्त ठरला. खुपऱ्या पसरू नयेत म्हणून मात्र मुलांना तोंड धुण्यास पुरेसे पाणी हवे. ते उकळलेले नसले तरी चालते.

आमचे आक्षेप दोन. पहिला, एक रोग एकाच चौकटीत बसत नाही. हगवण पाण्यातून येते, तशीच न धुतलेल्या हातांतूनही. रिचर्ड फीचम यांनी १९७७ साली ‘विष्ठेतून मुखाकडे’ जाणाऱ्या रोगांचा एकत्र गट सुचवून ही उणीव भरून काढली.

दुसरा आक्षेप आपल्या अधिक जवळचा आहे. पुस्तकात घरे दोन प्रकारची आहेत : नळ असलेली व नसलेली. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येते, पण वर्षानुवर्षे ते काही दिवसांच्या अंतरानेच येत आले आहे. जठारपेठेत नळ आहेत, म्हणूनच टाक्या आणि पिंपेही आहेत. साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन उडून जातो, बुडवलेल्या हातांनी ते दूषित होते, आणि उघड्या पिंपात एडिस डास पाण्याच्या रेषेलगत अंडी घालतो. उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. कोरडी अंडी काही महिने टिकतात. त्यामुळे पिंप नुसते ओतून भागत नाही, ते घासावे लागते. वऱ्हाडात कूलरची टाकीही यात धरावी. एकच पिंप असे पहिल्या आणि चौथ्या गटाला जोडते. पूर्व आफ्रिकेतील त्याच ठिकाणी तीस वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा पाणी अनियमित झाल्याने नळवाल्या घरांतील पाण्याचा वापर सुमारे निम्म्यावर आलेला दिसला.

बंगल्यातल्या टाकीला झाकण असते. तेथे भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या घरी एकच उघडे पिंप असते. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असे त्यांना सांगणे सोपे आहे. पण पुढची पाळी कधी येईल हे ठाऊक नसताना पाणी ओतून कोण देईल? हे अज्ञान नव्हे, हिशेब आहे. आपल्या पाठातले ‘लोक अस्वच्छ राहतात’ हे वाक्य येथे खोटे ठरते. त्यांना उपयोगी पडेल असा सल्ला वेगळा : पिंपाला कापड घट्ट बांधा, पाणी येईल त्या दिवशी भरण्यापूर्वी घासा, पाणी लांब दांड्याच्या वगराळ्याने काढा. नियमित पाणी देण्याची जबाबदारी मात्र त्यांच्यावर ढकलता येणार नाही.

वर्गात एक प्रयोग करावा. पाणी कोणत्या दिवशी आले, कशात साठवले, झाकण होते का, कसे काढले, भांडे केव्हा घासले, याची महिनाभर नोंद विद्यार्थ्यांना आपापल्या घरी ठेवू द्या. मग प्रत्येक नोंदीपुढे रोगगटाचा आकडा लिहायला सांगा. एकाच भांड्यापुढे दोन आकडे येऊ लागले, की मुलांना पुस्तकही समजेल आणि त्यातली उणीवही.