जेकबकृत युग्मताऱ्यांची यादी : एक परीक्षण

बॉम्बे एंजिनिअर्स या पलटणीचे कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांनीं 1842 सालीं पुण्यास स्वतःची वेधशाळा उभारिली. तेथें 1845 ते 1848 या अवधींत घेतलेल्या वेधांवरून त्यांनीं 244 युग्मताऱ्यांची यादी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीस सादर केली. ही यादी म्हणजे पुण्यांतीलच एक दप्तर होय. सबब दप्तराची कसोटी तीस लाविली पाहिजे.

नुसत्या डोळ्यांस एक भासणारी तारका दुर्बिणींतून दोन दिसते, तीस युग्मतारा म्हणतात. वेधकर्ता दोन गोष्टी यंत्रानें मोजतो : मुख्य ताऱ्याच्या उत्तरेपासून जोडताऱ्याचा दिशाकोन अंशांत, व दोहोंमधील अंतर विकलांत. तेज व वर्ण मात्र त्या काळीं नजरेनेंच ठरवीत. तेजस्वी ताऱ्याशेजारचा मंद तारा एकास निळा, तर दुसऱ्यास राखी भासतो. म्हणून पहिल्या दोहोंचें प्रामाण्य अस्सल पत्रावरील तारखेसारखें, तर दुसऱ्या दोहोंचें बखरकाराच्या वर्णनासारखें मानावें.

जेकब यांची दृष्टि तीक्ष्ण होती. वृश्चिकेंतील न्यू हा तारा तिहेरी असल्याचें 1847 सालीं त्यांच्या ध्यानांत आलें. परंतु 1855 सालीं, मद्रास वेधशाळेचे प्रमुख असतां, त्यांनीं भुजंगधारींतील 70 क्रमांकाच्या युग्माविषयीं काढिलेलें अनुमान टिकलें नाहीं. मोजलेलीं स्थानें गणितागत कक्षेशीं जुळेनात, म्हणून तेथें एक अदृश्य ग्रह असावा असें त्यांनीं मांडिलें. पुढें अमेरिकेंतील सी यांनीं तशाच अदृश्य सोबत्याचा पक्ष धरिला. 1899 सालीं मोल्टन यांनीं सी यांची व्यवस्था स्थिर राहणार नाहीं असें गणितानें दाखविलें. तो ग्रह अद्यापि सांपडलेला नाहीं.

पोथ्या ताडून पाहणाऱ्यांस हा दोष ओळखीचा आहे. नकलकाराच्या हस्तदोषांतून नवा पाठ कल्पून तो ग्रंथकर्त्याच्या माथीं मारणें तें हेंच. तथापि जेकब यांनीं मोजमापें कालासह नोंदिलीं, म्हणूनच त्यांचें अनुमान पुढील विद्वानांस तपासतां आलें. 1862 च्या ऑगस्टांत डोंगरावरील नव्या वेधशाळेचा संकल्प घेऊन ते पुण्यास परतले व थोड्याच दिवसांत तेथें वारले. संकल्प राहिला, नोंद उरली.

आपणांपैकीं कित्येक संग्राहक पोथी मिळाल्याचें गांव व तिथि न टिपतां तिच्या शतकाचा निर्णय मात्र वेष्टनावर लिहितात. चौसाळ्यास माझ्या घरीं माझ्याच हातचीं अशीं वेष्टनें आहेत; त्यांवरील निर्णय कशाच्या आधारें दिला, हें आज मलाही सांगतां येत नाहीं. निर्णय चुकल्यास पुढला अभ्यासक तो सुधारील. न केलेली नोंद कोणासही भरून काढतां येणार नाहीं.