चालत्या आज्ञावलीतील बदल आणि एम्युलेटरची परीक्षा : एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकाच्या स्मृतीत आज्ञा आणि आधारसामग्री एकाच ठिकाणी व एकाच स्वरूपात राहतात. जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या अहवालातून प्रसिद्धी पावलेली ही रचना आजच्या बहुतेक संगणकांचा पाया आहे. तिच्यातून एक परिणाम आपोआप निष्पन्न होतो. चालू असलेली आज्ञावली स्मृतीत लिहू शकते, आणि आज्ञाही स्मृतीतच असल्याने ती स्वतःलाच बदलू शकते. केंब्रिजच्या १९४९ च्या एडसॅक यंत्रात तर हा मार्ग नित्याचा होता. त्या यंत्रात आरंभी निर्देशांक-नोंदक नव्हता. त्यामुळे अंकांच्या ओळीतील पुढच्या अंकाकडे जायचे तर आज्ञेतील पत्ताच दर फेरीला वाढवावा लागे.

हे तंत्र इतिहासजमा झाले, असा समज पदवीच्या वर्गात आढळतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. भ्रमणध्वनीवरील न्याहाळक जावास्क्रिप्ट चालवतो तेव्हा तो प्रोसेसरच्या आज्ञा चालता चालता तयार करून स्मृतीत लिहितो आणि लगेच त्या चालवतो. जावाचे आभासी यंत्रही तेच करते. डीबगर थांबा बसवतो तेव्हा मूळ आज्ञेच्या जागी दुसरीच आज्ञा लिहितो. तंत्र जुने असले तरी त्याचा वापर घटलेला नाही, उलट वाढला आहे.

एका प्रोसेसरचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरद्वारे उभे करणारी प्रणाली म्हणजे एम्युलेटर. अशा प्रणालीची कठोर परीक्षा येथेच होते, कारण वेगासाठी ती मूळ आज्ञांचे काही ना काही रूपांतर जवळ बाळगून असते आणि आज्ञा बदलली की ते रूपांतर शिळे होते. परीक्षा घेणारे बहुधा एकच प्रश्न विचारतात : बदललेली आज्ञा चालली की नाही? हा प्रश्न अपुरा आहे. मूळ प्रोसेसरने कोणते वचन दिले आहे आणि कोणते दिलेले नाही, हे आधी निश्चित केल्याखेरीज उत्तराला बरोबर किंवा चूक ठरवता येत नाही.

८०८५ चा धडा :

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांची प्रोसेसरशी पहिली ओळख इंटेलच्या १९७६ च्या ८०८५ ने झाली. पूर्वी हा प्रोसेसर प्रयोगशाळेतील किटवर हाताळला जाई. आता बऱ्याच ठिकाणी संगणकाच्या पडद्यावरील सिम्युलेटर ते काम करतो. (टर्बो सी देखील डॉसबॉक्समधून चालवावे लागते, कारण विंडोजची ६४ बिटांची आवृत्ती १६ बिटांच्या आज्ञावली चालवत नाही. एम्युलेटर हा आडवळणाचा विषय राहिलेला नाही, हे त्यावरूनही ध्यानात यावे.)

८०८५ मध्ये इन आणि आउट या आज्ञांचा पोर्ट क्रमांक आज्ञेच्या दुसऱ्या बाइटमध्येच कोरलेला असतो. पोर्टे २५६ असली तरी कोणते पोर्ट हे आज्ञावली लिहितानाच ठरवावे लागते. ते चालताना ठरवायचे असेल तर सरळ मार्ग एकच : पोर्ट क्रमांक ए नोंदकात आणून तो आउट आज्ञेच्या दुसऱ्या बाइटच्या पत्त्यावर लिहायचा, मग पाठवायची किंमत ए नोंदकात आणून ती आज्ञा चालवायची. किटवर हे निर्वेध चालते. ८०८५ ला आज्ञांची रांग नाही आणि कॅशे स्मृतीही नाही, त्यामुळे प्रत्येक आज्ञा चालण्याच्या वेळी स्मृतीतूनच उचलली जाते. येथे वचन पूर्ण आहे आणि बरोबर उत्तरही एकच.

सिम्युलेटरने मात्र विद्यार्थ्याने टंकलेल्या ओळींचीच यादी करून ती क्रमाने चालवली, तर स्मृतीतील बाइट बदलतो आणि आउट आज्ञा जुन्याच पोर्टकडे जाते. पडद्यावरील स्मृतीच्या तक्त्यात नवा क्रमांक दिसतो, पण चालतो जुना. असा सिम्युलेटर ८०८५ चे अनुकरण करत नाही, ८०८५ साठी लिहिलेल्या मजकुराचे करतो. बेरीज-वजाबाकीच्या शंभर उदाहरणांतून हा भेद कळणार नाही. या एका उदाहरणातून तो कळतो.

रांगेतील जुनी आज्ञा :

८०८६ (१९७८) आणि ८०८८ (१९७९) यांच्यापाशी प्रश्न गुंतागुंतीचा होतो. दोघांचा आज्ञासंच एकच. परंतु पुढच्या आज्ञा आधीच उचलून ठेवणारी रांग ८०८६ मध्ये ६ बाइटांची, तर ८०८८ मध्ये ४ बाइटांची आहे. गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला इटियाडोहच्या कालव्यावरून ही स्थिती चटकन उमगेल. धरणावर दरवाजा फिरवला म्हणून कालव्यात आधीच उतरलेले पाणी बदलत नाही. ते टेलकडे जातच राहते, आणि नव्या सोडीचा परिणाम त्याच्या मागून येतो. त्याचप्रमाणे रांगेत शिरलेली आज्ञा स्मृतीत बदलली तरी रांगेतली प्रत जुनीच राहते आणि तीच चालते.

यातून एक गमतीदार चाचणी निघाली. रांग भरण्यास अवधी देऊन नेमकी पाचव्या-सहाव्या बाइटवरील आज्ञा बदलायची. जुनी चालली तर यंत्र ८०८६, नवी चालली तर ८०८८. येथे जुनी आज्ञा चालवणारा एम्युलेटर ८०८६ च्या बाबतीत बरोबर ठरतो, आणि बदल तत्परतेने टिपणारा चूक ठरतो. ‘बदल टिपला म्हणजे उत्तीर्ण’ ही कसोटी येथेच मोडते. आज्ञावलीची चोरून तपासणी करणाऱ्याला चकवण्यासाठीही ही युक्ती वापरली जाई. एकेक आज्ञा थांबवत चालवले की मध्ये येणाऱ्या व्यत्ययामुळे रांग रिकामी होते आणि नवी आज्ञा चालते. मोकळे चालवले तर जुनी. निरीक्षणाच्या रीतीनुसार उत्तर बदलते, म्हणून एम्युलेटरची चाचणी केवळ एकेक पाऊल टाकत घेणे धोक्याचे आहे.

पुढे इंटेलने वचन बदलले. ४८६ मध्ये बदलानंतर लगेच उडी-आज्ञा देऊन आधी उचललेल्या आज्ञा टाकून देण्याची जबाबदारी आज्ञावलीवर होती. पेंटियमपासून (१९९३) प्रोसेसर स्वतःच असे लेखन ओळखू लागला. तरीही एक अपवाद उरला. आज्ञा ज्या आभासी पत्त्यावरून उचलली जाते त्याहून वेगळ्या पत्त्यावरून तीच जागा बदलली, तर क्रम पक्का करणारी विशेष आज्ञा मध्ये द्यावी, असे इंटेलची पुस्तिका सांगते.

चाचण्यांतील उणिवा :

जलद एम्युलेटर मूळ आज्ञांचा एकेक खंड यजमान यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतो आणि पुढच्या वेळी थेट तो अनुवाद चालवतो. त्याची परीक्षा घेणाऱ्या चाचण्यांत एक ढोबळ दोष वारंवार संभवतो. चाचणी प्रथम आज्ञा बदलते, नंतर ती पहिल्यांदा चालवते आणि उत्तर बरोबर आले म्हणून समाधान मानते. वास्तविक त्या क्षणापर्यंत त्या खंडाचा अनुवादच झालेला नसतो, मग शिळे होण्यासारखे काही नसतेच. अशी चाचणी कोणताही एम्युलेटर उत्तीर्ण होईल. खंड आधी जुन्या रूपात चालला पाहिजे, आणि एकदाच नव्हे. काही एम्युलेटर ठराविक वेळा चालल्यावरच अनुवाद करतात, म्हणून अनेकदा. त्यानंतर बदल, आणि मग पुन्हा चालवणे.

दुसरी उणीव अंतराची आहे. बदलणारी आणि बदलली जाणारी आज्ञा वेगवेगळ्या खंडांत असतील तर काम सोपे असते. दोन्ही एकाच खंडात, अगदी लागोपाठ असतील, तर एम्युलेटर जो अनुवाद चालवत आहे तोच त्याच्या हातात शिळा होतो. त्याला मध्येच थांबून नोंदकांची स्थिती नेमकी उभी करावी लागते. आज्ञेचे अर्धे बाइट एका पृष्ठावर आणि अर्धे पुढच्या पृष्ठावर असणे, हीही अशीच अडचणीची जागा. कोड आणि आधारसामग्री एकाच पृष्ठावर शेजारी असतील तेव्हा उत्तर चुकत नाही, पण प्रत्येक लेखनाला एम्युलेटर दचकतो आणि वेग कोसळतो. हा दोष वेगळा नोंदवला पाहिजे. त्याला चूक म्हणणे अन्यायाचे होईल.

उदार एम्युलेटर आणि कडक एम्युलेटर :

फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला क्यूईएमयू आणि ज्युलियन सीवर्ड यांचा २००२ पासूनचा व्हॅलग्रिंड यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. इंटेल कुळातील आज्ञावली बदलाची कोणतीही सूचना देत नाही. म्हणून क्यूईएमयू अनुवाद झालेल्या पृष्ठांवरील लेखनावर पहारा ठेवतो आणि लेखन झाले की संबंधित अनुवाद रद्द करतो. एका वचनाची पूर्तता करणारी ही रचना नेटकी आहे. परंतु तोच पहारा तो इतर कुळांनाही लागू करतो. स्पार्कच्या आज्ञासंचात फ्लश नावाची आज्ञा आहे. दिलेल्या पत्त्यावरील आज्ञा बदलली आहे, जुनी प्रत टाकून द्यावी, असे ती सांगते. क्यूईएमयूला तिची गरजच पडत नाही, तो तिच्यासाठी काहीही न करता पुढे जातो. व्हॅलग्रिंडची भूमिका निराळी आहे. एआरएम, पॉवरपीसी यांसारख्या कुळांत जेथे आज्ञावलीने कॅशे साफ करण्याची सूचना देणे बंधनकारक आहे, तेथे तो त्या सूचनेचा मान राखतो. तपासणी किती कडक असावी हे ठरवण्याचा पर्यायही तो वापरकर्त्याच्या हाती देतो.

क्यूईएमयूचे वर्तन नियमबाह्य नाही. फ्लश न देता बदललेली आज्ञा चालवली तर स्पार्कच्या नियमानुसार जुनी चालू शकते किंवा नवी. क्यूईएमयू नेहमी नवी चालवतो. म्हणजे दोन ग्राह्य उत्तरांपैकी तो कायम सुखावह उत्तर निवडतो. एम्युलेटरने आज्ञावली चालवाव्यात, त्यांना शिस्त लावत बसू नये, हा त्यावरील युक्तिवाद जुन्या आज्ञावलींच्या बाबतीत मान्य करण्याजोगा आहे. नव्या प्रोसेसरसाठी नव्या आज्ञावली लिहिल्या जात असतील, तेव्हा मात्र तो टिकत नाही.

याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेला ‘अजित’ हा प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला. त्याची चिप सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीमध्ये १८० नॅनोमीटर तंत्राने बनवली गेली आणि त्याचा आज्ञासंच स्पार्कची आठवी आवृत्ती हा आहे. अशा प्रोसेसरची चिप प्रत्येक महाविद्यालयाच्या टेबलावर असणे शक्य नाही. दूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थी त्यासाठी काही लिहू पाहील तर तो साहजिकच स्पार्कचे अनुकरण करणाऱ्या एम्युलेटरवर लिहील. समजा, त्याने चालताना आज्ञा तयार करणारा छोटा अनुवादक लिहिला आणि फ्लश द्यायची विसरला. उदार एम्युलेटरवर तो महिनोन्महिने निर्दोष चालेल. खऱ्या चिपवर गेल्यावर चालेलच याची हमी आज्ञासंच देत नाही. अंमलबजावणी स्वतःहून मेळ राखत असेल तर चालेल, नसेल तर कधी चालेल, कधी नाही. अनियमितपणे चुकणाऱ्या आज्ञावलीचा दोष मग कोणाच्या माथी बसेल? एम्युलेटरवर ती ‘सिद्ध’ झालेली असल्याने बोट चिपकडे वळेल. स्वदेशी प्रोसेसरविषयीचा अविश्वास वाढायला एवढे कारण पुरेसे आहे, आणि त्यात प्रोसेसरचा काडीमात्र दोष नसेल.

म्हणून अशा आज्ञासंचासाठी चाचण्या जोडीने लिहिल्या पाहिजेत. एकीत बदलानंतर फ्लश आहे, तेथे नवी आज्ञा चाललीच पाहिजे आणि दुसरे उत्तर ग्राह्य नाही. दुसरीत फ्लश गाळलेली आहे, तेथे दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत, पण कोणते आले ते नोंदवायचे. दुसऱ्या चाचणीत नेहमीच नवी आज्ञा चालवणारा एम्युलेटर अनुत्तीर्ण नव्हे, परंतु विकासाच्या कामासाठी तो उदार आहे अशी नोंद त्याच्या नावापुढे असावी. फ्लश येईपर्यंत जुना अनुवाद हेतुपुरस्सर जपणारा कडक पर्याय एम्युलेटरमध्ये घालणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. पहारा काढून टाकणे हे पहारा बसवण्यापेक्षा सोपेच काम आहे.

सी-डॅकच्या वेगा मालिकेतील प्रोसेसर ज्या रिस्क-फाइव्ह आज्ञासंचावर आधारलेले आहेत, त्यालाही हाच न्याय लागू होतो. तेथील आज्ञेचे नाव फेन्स डॉट आय. मात्र ती ज्या कोरावर चालते तेवढ्यापुरतीच बांधील असते. एका कोराने आज्ञा बदलली आणि ती दुसऱ्या कोराने चालवायची असेल, तर त्या दुसऱ्या कोरावरही फेन्स डॉट आय चालली पाहिजे. कार्यप्रणाली काम एका कोरावरून दुसऱ्यावर कधीही हलवू शकते, म्हणून लिनक्सने यासाठी स्वतंत्र सिस्टिम कॉल ठेवला आहे. ही चूक पकडणारी चाचणी एकाच कोराचे अनुकरण करणाऱ्या एम्युलेटरवर घेता येत नाही. अनेक कोर दाखवूनही सर्वांना एकच अनुवाद-साठा देणाऱ्या एम्युलेटरवर ती घेता येते, पण तिथे चूक कधी उघडी पडत नाही.