ज्वारीची काणी आणि बटलर यांचा ग्रंथ

वनस्पतींचें वर्गीकरण म्हटलें कीं लॅटिन नांवांची रुक्ष यादी डोळ्यांपुढें येते आणि आपला सुशिक्षित वाचक पान उलटतो. ही यादी कोणाच्या कामाची, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें सोलापुराजवळील कुंभारीसारख्या गांवची ज्वारी मनांत धरून एडविन जॉन बटलर यांचा वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांवरील इंग्रजी ग्रंथ वाचावा.

हा ग्रंथ १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकार मूळचे वैद्यकाचे पदवीधर. १९०१ सालीं ते हिंदुस्थानांत आले व पुढें बिहारांतील पुसा येथें त्यांनीं काम केलें. आधीं रोगी पाहावा, मग रोग, ही वैद्याची रीत त्यांच्या ग्रंथांतही उतरली आहे. सामान्य विवेचन आटोपल्यावर ते एकेक पीक घेतात आणि त्यावरील बुरशींचें वर्णन करतात.

या रचनेचा गुण काणीच्या उदाहरणानें स्पष्ट होतो. आपण सरसकट 'काणी' म्हणतों. पण दाणेकाणींत एकेका दाण्याच्या जागीं काळ्या भुकटीची पिशवी होते, तर झिपरी काणींत सबंध कणीस नासतें. आजचे शास्त्रज्ञ या दोहोंना स्पोरिसोरियम या एकाच वंशांत घालतात. परंतु पहिलीचे बीजाणू बियाण्यास चिकटून येतात, म्हणून किलोभर बियाण्यास ४ ग्रॅम गंधक चोळलें कीं ती आवरते. दुसरीचे मातींत दडून राहतात, तेथें हा उपाय फारसा चालत नाहीं. नातें जवळचें, पण उपचार वेगळा! केवळ कुळावर बोट ठेवणारा ग्रंथ शेतकऱ्यास येथें फसवील.

तथापि पिकावार रचनेंत एक मोठी उणीव आहे. रब्बी ज्वारीस खडखड्या आणणारी बुरशी पांचशेंहून अधिक वनस्पतींवर जगते. हरभऱ्याचीं मुळेंही ती कुजविते. ज्वारीचें प्रकरण मिटून हरभऱ्याचें उघडणाऱ्या वाचकास शत्रु तोच आहे हें उमगावें कसें? पीक पालटलें म्हणजे रोग टळला, अशा समजुतीनें त्याचें एक वर्ष वायां जावयाचें. बटलर यांनीं बिस्बी यांच्यासह १९३१ सालीं हिंदुस्थानांतील बुरशींची जी सूची प्रसिद्ध केली, ती कुळवार आहे. पहिल्या ग्रंथाची उणीव तीच भरून काढते.

सारांश, आश्रयदात्या वनस्पतीवरून केलेली मांडणी आणि बुरशीच्या कुळावरून केलेली मांडणी यांत श्रेष्ठ कोणती, हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. एकीनें रोग ओळखावा, दुसरीनें त्याचा माग काढावा. मराठींत या विषयावर लिहूं पाहणाऱ्यानें मात्र नुसतें 'काणी' लिहून थांबूं नये. ती बियाण्यांतून येते, मातींतून कीं वाऱ्यावरून, हें नांवाशेजारींच सांगावें. एवढें केलें तरी ती रुक्ष यादी बांधावर उपयोगी पडेल, असें आमचें मत आहे.