उभ्या चौकटीतलं प्रसारण

मराठी वृत्तवाहिनीचा मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ जरा निरखून पाहा. मूळ चौकट आडवी, सोळास नऊ. फोनसाठी ती उभी कापली, म्हणून अँकरचा एक खांदा गायब, खालची पट्टी अर्ध्या शब्दावर तुटलेली आणि कोपऱ्यातला लोगो निम्मा. वर पिवळ्याजर्द अक्षरांत 'नेमकं काय घडलं?' आणि लाल बाण. काय घडलं ते शेवटपर्यंत कळत नाही ते नाहीच.

हे करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पत्रकार परिषद चालू असतानाच त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा काढायचा, आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी त्यावर मजकूर चढवायचा, मथळा, थंबनेल, टॅग. तोवर दुसरा नेता बोलायला उभा राहिलेला. वाहिन्यांत 'डिजिटल' म्हणून जी भरती होते, त्यातलं बहुतेक काम हे असं. टीव्हीसाठी शिजलेलं गरम करून वाढायचं, आणि हिशेब द्यायचा तो ताटं किती लावली याचा. 'झी २४ तास' आणि तेव्हाचा 'स्टार माझा' २००७ साली आले, तेव्हा आउटपुटच्या मंडळींना बुलेटिनचा रनडाउन, म्हणजे बातम्यांचा क्रम, नव्याने बसवावा लागला होता. डिजिटलच्या वाट्याला असं घडवणं क्वचितच आलं.

नवा घाट बसवला तो बहुतेक बाहेरच्यांनी. 'भाडिपा' ही यूट्यूब वाहिनी २०१६ साली सुरू झाली. ती उभी करणारा सारंग साठ्ये आणि त्याच्याबरोबरची बरीच मंडळी नाटकातली. तिच्यावरच्या 'कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण'मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी ज्या बेफिकीर लयीत बोलतात, ती वाहिनीच्या स्टुडिओत पहिल्याच बैठकीत कापली गेली असती. बातमीच्या बाजूला बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ रोजी आली. मागे चोवीस तासांची मराठी वाहिनी नव्हती, हे तिच्या पथ्यावरच पडलं. एकच विषय घेऊन तो उलगडायचा, हा तिच्या 'सोपी गोष्ट' या कार्यक्रमाचा बाज वाहिनीच्या पॅकेजमधून निघालेला नाही. तो बोलण्यातून आला आहे. अर्थात उलगडून सांगण्याचाही साचा होतो, आणि आता तो होऊ लागला आहे.

माझ्या मते या माध्यमात खरी चलती रेडिओवाल्यांची असायला हवी होती. रेडिओचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ पासूनचं. न दिसणाऱ्या एका माणसाशी बोलायचं, वाक्य श्वासाच्या मापाचं लिहायचं, दोन गाण्यांमधल्या मिनिटभरात मुद्दा संपवायचा, हे सगळं पॉडकास्टला जसंच्या तसं लागतं. खासगी एफएमला स्वतःची बातमीपत्रं करायला मनाई आहे, आकाशवाणीची तेवढी लावता येतात. इंटरनेटवर ती आडकाठीही नाही. तरीही आरजे तिकडे वळतात ते बहुधा रील करायला, तेही तोंड कॅमेऱ्यात घालून. आणि आकाशवाणीत आवाजाची खरी तालीम झालेले कितीतरी निवेदक नैमित्तिकच राहतात, ड्युटी मिळेल तेवढेच पैसे. त्यांना मराठी पॉडकास्टवाल्यांनी अजून नीट हेरलेलं नाही.

दूरदर्शनची गोष्ट वेगळी. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं. 'गजरा', 'चिमणराव आणि गुंड्याभाऊ', 'आमची माती आमची माणसं' ही पुंजी त्याची. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे ओटीटी आणलं. जुनं प्रक्षेपण यूट्यूबवरही येत असतं. इथे लागतो तो व्हिडिओ एडिटरपेक्षा जाणता माणूस. कृष्णधवल चौकटीत मागे तबल्यावर कोण बसलं आहे, हे ओळखून वर्णनात लिहिणारा. नाव लिहिलंच नाही तर शोधणाऱ्याला ती फीत सापडणार कशी? पण हे काम नोकरीच्या जाहिरातीत येतं ते 'कंटेंट अपलोड' या नावाने, आणि पगारही त्याच मापाने ठरतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. रेडिओवरचं नाटक संपलं की दिग्दर्शक, निर्मिती सहाय्यक यांची नावं ऐकू यायची. मालिकेच्या शेवटीही पाट्या येतात, कितीही भरभर सरकल्या तरी. वाहिनीच्या छोट्या व्हिडिओखाली मात्र नाव असतं ते वाहिनीचं. कापणारा, लिहिणारा, मजकूर चढवणारा, कोणीच नाही. चार वर्षं काम करून दुसरीकडे मुलाखतीला गेलेला मुलगा शंभर लिंक दाखवतो, आणि यातलं तुझं नेमकं कोणतं, या प्रश्नावर तोंडीच सांगत बसतो.